सरकारी दवाखान्यात जनुकतपासणी: आत्ताच, की आधी गोळ्या?

सातपुडा_एक्सप्रेस (धागाकर्ता)

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटलेला वाद इथे आणतोय. इंग्लंडने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की दहा वर्षांत तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचायची. लगेच ग्रुपवर नेहमीचा सूर: "आपल्याकडे पॅरासिटमॉलची बोंब, आणि म्हणे जीनोम!" हा सूर मला पटत नाही.

मी लॅब टेक्निशियन. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, त्याच्या शिबिरात माझं काम एवढंच: बोटातलं थेंबभर रक्त नळीत सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सुटलात. नळी गढुळली आणि रेघा गेल्या, तर पुढची तपासणी. सिकलसेल म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एका अक्षराची चूक. म्हणजे जनुकशास्त्र आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर कधीच येऊन बसलंय, फक्त त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत उच्चाटन. माणसं, शिबिरं, नोंदी, सगळं उभं राहतंय. त्याच खांबांवर पुढचा मजला चढवा ना! जीनोमइंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या जवळपास १० हजार लोकांचे जीनोम वाचून झाले, माहिती फरिदाबादच्या केंद्रात आहे. ती फक्त शोधनिबंधांसाठी का?

पीएचसीवाला

साफ असहमत. तुमची नळी गढुळल्यानंतर काय होतं ते मी सांगतो.

मी डॉक्टर, माझं प्राथमिक आरोग्य केंद्र सातपुड्यातच आहे, नाव नको. गेल्या थंडीत चौदा वर्षांची मुलगी आली, मांडीचं हाड धरून ओरडत होती. आईने पदराची गाठ सोडून कार्ड काढलं. छान लॅमिनेट केलेलं, वर एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण, असं लिहिलेलं. तपासणी झाली तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. आठ वर्षांत हायड्रॉक्सीयुरियाची, म्हणजे सिकलसेलच्या औषधाची, एक कॅप्सूल पोटात गेलेली नाही. कारण कॅप्सूल जिल्ह्याला मिळते, ती सुरू केली की दर काही आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते, आमचं मशीन आहे पण त्याला लागणारं रसायन, रिएजंट, नाही, आणि जिल्ह्याला जायचं म्हणजे आईचे दोन दिवसांचे रोज बुडतात.

हे औषध काल निघालेलं नाही. दुखण्याचे झटके कमी होतात हे कित्येक वर्षं माहीत आहे. आठ वर्षांत आम्ही त्या पोरीला तिच्या रोगाचं नाव दिलं, बाकी काही नाही. तिचा अख्खा जीनोम वाचला असता तर कार्ड तेवढं जाड झालं असतं.

थेम्सकाठचा_जोशी

मी इकडे एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, लॅबमध्ये आहे. इंग्लंडचं उदाहरण धाग्यात अर्धंच आलंय म्हणून लिहितो.

इथे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर घेतात, त्यात सिकलसेलही तपासतात, साधारण २००६ पासून देशभर. ती जीनोम तपासणी नव्हे, साधी आणि स्वस्त. पण पॉझिटिव्ह आलं की बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत पेनिसिलिन सुरू व्हावं हे कोणाचं काम, ते ठरलेलं आहे. एक लाख जीनोमचा प्रकल्प २०१२ च्या शेवटी जाहीर झाला, डिसेंबर २०१८ मध्ये आकडा गाठला. त्यानंतर कोणत्या लक्षणाला कोणती जनुकतपासणी मिळेल याची राष्ट्रीय यादीच केली. यादीत नाही तर तपासणी नाही, डॉक्टर कितीही मोठा असो. मला विचाराल तर खरं काम त्या कंटाळवाण्या यादीने केलं. बाळांच्या जीनोमच्या बातम्या येतात, यादीची बातमी कोण छापणार?

मोहफूल

तुम्ही सगळे लॅब आणि दवाखान्याचंच बोलताय. कार्ड घरात काय करतं ते विचारा.

आमच्याकडे समुपदेशनात सांगतात, लग्नाआधी दोघांची कार्डं बघा, दोन वाहकांनी, म्हणजे जनुकाची एकच प्रत सदोष असलेल्यांनी, लग्न टाळा. बरोबरच आहे, दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. पण प्रत्यक्षात कार्ड मागतात ते मुलीचं. माझ्या मामेबहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. ती वाहक, म्हणजे ठणठणीत. मुलाची तपासणी झाली होती का? नाही. "आमच्या पोराला काय झालंय?" म्हणे. एका अक्षराच्या चुकीवर ही गत, तर सगळी पोथीच उघडल्यावर काय होईल?

आणि रक्त आमचं, माहिती कोणाची? शिबिरात अंगठा घेताना कोणी हे सांगितल्याचं मला आठवत नाही.

हिशोबनीस

मोहफूलताईंशी सहमत, पण भीतीपोटी तपासणीच नको म्हणणं महागात पडेल. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्यापुढे गरोदरपणातली तपासणी किरकोळ. विम्याचं म्हणाल तर जनुकीय आजार म्हणून सरसकट दावा नाकारणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटलंय. कायदा अजून पातळ आहे हे मान्य.

सातपुडा_एक्सप्रेस

मोहफूलताई, मुलाचं कार्ड आधी मागायचं, हे मी पुढच्या शिबिरात माइकवरून सांगणार. संमतीबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्ही फॉर्म भरून घेतो, समजावत नाही.

डॉक्टर, तुमच्या "आधी गोळ्या"ला मात्र उत्तर आहे. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या मुलखात व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला की प्रायमाक्विन देतात, चौदा दिवस. ज्याच्यात जी-सिक्स-पीडी एन्झाइम जन्मतःच कमी, त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते. ही कमतरताही जनुकातलीच. म्हणजे तिथे नुसती गोळी पोचवणं धोक्याचं, आधी रक्त वाचावं लागतं. दुसरं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला माझी नळी चालत नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन अजून अंगात असतं. ते बाळ पकडायला एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं मशीन) किंवा डीएनए तपासणीच हवी.

पीएचसीवाला

प्रायमाक्विनचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. पण बघा, तुम्ही मागताय ती एका एन्झाइमची तपासणी आणि एक एचपीएलसी मशीन. जीनोम कुठे आला यात? जोशीसाहेबांची यादी आपल्याकडे करायची तर माझ्या मते पहिल्या पानावर चारच नावं असावीत: सिकलसेल, थॅलेसेमिया, जी-सिक्स-पीडी आणि जन्मजात थायरॉइड. प्रत्येक नावापुढे दोन रकाने: औषध कोण देणार, आणि एकतिसाव्या दिवशी पुढची पट्टी कुठे मिळणार. ते रकाने भरले की मी स्वतः तुमच्या जीनोमच्या बाजूने लिहीन.

थेम्सकाठचा_जोशी

थायरॉइडची तपासणी जनुकाची नव्हे, हार्मोनची असते, डॉक्टर. बाकी यादी झकास.

पीएचसीवाला

माहीत आहे हो. टाचेचा तोच थेंब दोन्हीला चालतो म्हणून घुसडलं.

सातपुडा_एक्सप्रेस

ती चौदा वर्षांची मुलगी परत कधी येणार आहे? सीबीसीचे रिएजंट आमच्याकडे दोन महिन्यांचे शिल्लक आहेत.

पीएचसीवाला

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. पण रिएजंट एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात द्यायचं तर इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही कोणाची?