एक्स-मेनमधल्या मिस्टिक आणि डेस्टिनी : मी उगाच अर्थ काढतोय का?

जुनीपानं :
सध्या ऐंशीच्या दशकातले एक्स-मेन कॉमिक्स ओळीने वाचून काढतोय. त्यात मिस्टिक आणि डेस्टिनी या दोघी आहेत ना, एकत्र राहतात, एका म्युटंट (जन्मजात अचाट शक्ती असलेल्या) मुलीला दोघींनी मिळून वाढवलंय, एकीला जरा काही झालं की दुसरीचा जीव कासावीस होतो, मला तर सरळसरळ जोडपंच वाटतं. पण अंकामागून अंक गेले तरी तसं स्पष्ट कुणी म्हणत नाही. मित्राला पानं दाखवली तर म्हणाला, तुला काय, सगळीकडे तेच दिसतं. मी स्वतः बायसेक्शुअल आहे हे त्याला माहितीये, म्हणून तो असं बोलला आणि ते मला लागलं खरं. तर मी खरंच नसलेलं काही शोधतोय का? आणि जिथे हे उघड आहे, आणि ‘मी गे आहे’ एवढं सांगून झाल्यावर पात्र अडगळीत जात नाही असं काही असेल तर सुचवा प्लीज.

शाईचाडाग :
अजिबात उगाच नाही. लेखक ख्रिस क्लेअरमाँटच्या मनात त्या जोडपंच होत्या, पण छापायची सोय नव्हती. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी मोठी ओरड झाली, फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने बॅटमॅन-रॉबिनचं घर म्हणजे समलिंगी स्वप्नरंजन असं पुस्तकात लिहिलं, सिनेटसमोर सुनावण्या झाल्या. मग सरकारने काही करायच्या आत प्रकाशकांनीच स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. त्यात ‘लैंगिक विकृती’ आणि तिचा नुसता इशारासुद्धा बंद, आणि त्या काळी विकृती म्हटलं की त्यात आपण आलोच. कायदा नव्हता, पण मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसला की बरेच वितरक अंक उचलायचेच नाहीत. हे कलम बदललं थेट १९८९ ला. डेस्टिनी पहिल्यांदा आली १९८१ ला, आता तुम्हीच हिशोब करा.
१९९० च्या एक्स-मेनच्या दोनशे पासष्टाव्या अंकात डेस्टिनीसाठी ‘लेमन’ असा एक जुनापुराणा इंग्रजी शब्द वापरलाय, लिंबाशी काही संबंध नाही, अर्थ होतो प्रेयसी. तो अंक मित्राला दाखवा. आणि २०२३ मध्ये मार्व्हलने अधिकृतच करून टाकलं की एक्स-मेनमधला नाईटक्रॉलर हा या दोघींचाच मुलगा, मिस्टिक रूप बदलू शकते त्यामुळे ती बाप आणि डेस्टिनी आई. क्लेअरमाँटच्या डोक्यात हे कित्येक वर्षांपूर्वीपासून होतं.

दुपारचीझोप :
उघड म्हणाल तर सगळे मार्व्हलच्याच नॉर्थस्टार या सुपरहीरोचं नाव घेतात, अल्फा फ्लाइट अंक १०६, १९९२. मला तो प्रसंग तेव्हाही पटला नव्हता, भर मारामारीत ओरडून सांगतो आणि मग कितीतरी वर्षं त्याबद्दल जवळपास काहीच नाही, लग्न लागलं ते २०१२ ला. त्यापेक्षा त्याच्या आधीच्या वर्षीचा फ्लॅशचा त्रेपन्नावा अंक काढा. फ्लॅश आणि एकेकाळचा खलनायक पाइड पायपर गच्चीवर गप्पा मारत असतात, फ्लॅश विचारतो की जोकर गे आहे म्हणतात ते खरं का. पायपर म्हणतो तसं नसावं, खलनायकांमध्ये गे असा मला तरी कोणी माहीत नाही, म्हणजे मी सोडून. फ्लॅशला काय बोलावं सुचत नाही आणि तो तिथून सटकतो. आपल्यापैकी किती जणांनी समोरच्याचा असा चेहरा पाहिलाय! पायपर मात्र नंतरही त्याचा मित्र म्हणून कथेत राहतो, महत्त्वाचं ते आहे.

तिसरीचौकट :
बॅटवुमन वाचा, २००९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्समधली, ग्रेग रकाचं लेखन आणि जे. एच. विल्यम्सची चित्रं. केट केन, म्हणजे पुढे बॅटवुमन होणारी, लष्करी अकादमीत असते आणि तेव्हाच्या नियमानुसार गे असल्याचं कळलं की बाहेर. तिचा वरिष्ठ तिला वाचवायला बघतोय, फक्त म्हण की हे खोटं आहे, थोडी शिक्षा होईल आणि तू राहशील. ती अकादमीची आचारसंहिताच म्हणून दाखवते, कॅडेट खोटं बोलत नाही, आणि बोटातली अंगठी काढून देते. मी ते पान वाचून पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ.
बाकी जुनीपानं, तुम्ही बायसेक्शुअल आहात म्हणून एक मुद्दाम सांगते. २०१५ मध्ये एक्स-मेनमधल्या आइसमनचं जे केलं त्यात त्याची साथीदार जीन ग्रे त्याचं मन वाचते आणि तू गे आहेस असं तीच त्याला सांगते. तो विचारतो, बाय असेन का मी, तर ती जवळपास उडवूनच लावते. त्याचं गे असणं मला मान्य आहे, पण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं, आणि बाय हा शब्द असा बाजूला सारला त्याचा मला आजही राग येतो.
त्यावर उतारा म्हणजे अ‍ॅलिस ओसमनचं हार्टस्टॉपर हे कॉमिक. त्यातला निक आईला सांगतो तेव्हा मला मुलीही आवडतात, मी बाय आहे हे नीट सांगतो, आणि आई म्हणते की हे सांगता येणार नाही असं माझ्यामुळे कधी वाटलं असेल तर सॉरी. मारामारी नाही, शक्ती नाहीत, नुसती दोन माणसं.

दुपारचीझोप :
+१, आइसमनबद्दल अगदी हेच. २०२१ ला सुपरमॅनच्या मुलाला, जॉन केंटला बाय दाखवलं ते त्या मानाने साधं होतं, दमलेल्या जॉनची त्याचा मित्र जे नाकामुरा काळजी घेतो आणि ते किस करतात, लेबलाची घाई नाही.

जुनीपानं :
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. अंक २६५ काढून तो ‘लेमन’ शब्द मित्राला पाठवला, त्याने शब्दकोशात बघितला आणि म्हणाला तुझं बरोबर होतं, आणि तेव्हा तसं बोलायला नको होतं मी. आता बॅटवुमन सुरू करतोय, अंगठीच्या पानापर्यंत पोचलो की लिहितो इथे.