पहिलीतली लेक पेन्सिल वेगळीच धरते, सांधे लवचिक आहेत. पकड बदलावी का? (सांगली)

आम्ही विश्रामबागला राहतो. लेक सहा वर्षांची, यंदा पहिलीत. पेन्सिल ती पहिल्या आणि मधल्या बोटाच्या फटीतून धरते. कधी चारही बोटं पेन्सिलीवर आणि अंगठा त्यांच्यावर आडवा. मग पहिल्या बोटाचं टोक उलटं मागे वाकतं. जोर इतका की अक्षर मागच्या पानावर उमटतं. थोड्या ओळी झाल्या की हात झटकते, "बोटं दुखतात गं आई" म्हणते.

तिचा अंगठा मनगटाला टेकतो, कोपरं उलटी वळतात. बालरोगतज्ज्ञांनी सांधे किती लवचिक आहेत ते मोजणारी बेटन तपासणी केली. करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे यांचा दोन्ही बाजूंना एकेक गुण, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी एक. तिला ९ पैकी ७. आजार नाही, वयाप्रमाणे लवचिकपणा कमी होत जाईल म्हणाले. माझाही अंगठा असाच वळतो.

अडचण शाळेची. बाई प्रेमळ आहेत, पण "तीनच बोटांत धर" म्हणून पेन्सिल काढून पुन्हा हातात देतात. सासरेही तेच सांगतात. ते निवृत्त मुख्याध्यापक, कित्येक मुलांचं अक्षर त्यांनी वळवलंय, त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण तसं धरायला लावलं की पोर रडकुंडीला येते. त्यात काना, वेलांटी, शिरोरेघ, प्रत्येक अक्षराला पेन्सिल उचला-टेकवा. खडूचे तुकडे घेऊन चित्रं मात्र कितीही वेळ काढते, हे मला कळत नाही.

पकड तशीच राहू द्यावी का? रबरी त्रिकोणी ग्रिप कुणाला उपयोगी पडले? बाईंशी कसं बोललात?

प्रतिसाद (सातारा, मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

ताई, फटीतली पकड मोडू नका. सैल सांध्यांच्या मुलांना आम्ही ती मुद्दाम शिकवतो. पेन्सिलीला बोटांच्या मुळाशी आधार मिळतो, टोकाचे सांधे दाबावे लागत नाहीत. अस्थिबंध, म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल असले की सांधा स्थिर ठेवण्याचं काम स्नायूंवर येतं, म्हणून ती आवळून धरते आणि दमते.

आजोबांना हे सांगा: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात चौथीच्या मुलांच्या तीन बोटांच्या, चार बोटांच्या आणि अंगठा आडवा असलेल्या पकडींत वेग किंवा सुवाच्यपणाचा फरक दिसला नाही. पाहायचं ते दुखणं आणि थकवा.

खडूचा तुकडा तोकडा असतो, मुठीत आवळून धरता येत नाही, आणि चित्राला दोन रेघांत बसायचं नसतं. तशीच पेन्सिलही आखूड द्या, शिसं मऊ, २बी. रबरी ग्रिप काहींना लाभतो, पण फटीतल्या पकडीला त्याची गरज नाही. पाय टेकलेले हवेत, वही उतारावर हवी. अंगठा वळवून दाखवायला सांगू नका. सांधा सुजला किंवा निसटला तर लगेच डॉक्टरांकडे. बाईंकडे एकच मागा, अर्ध्या पानानंतर विसावा.

मूळ लेखिका

खूप आभार. उतारासाठी जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल. जाड कडा तिच्यापासून लांबच्या बाजूला, आणि खाली रबरी चटई, म्हणजे सरकणार नाही.