अनुप्रास म्हणजे नुसतं पहिलं अक्षर सारखं असणं का?

पहिलं अक्षर जुळलं की अनुप्रास असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, इंग्रजीचं अ‍ॅलिटरेशन तसं शिकवतात म्हणून असेल, पण आपल्याकडे ती अटच नाहीये. व्यंजन सुरुवातीला येवो, मधे येवो, शेवटी येवो, परत परत कानावर पडलं की झालं आणि स्वर वेगळे असले तरी चालतं. काश्मीरचा संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट, त्याने अकराव्या शतकात काव्यप्रकाश या ग्रंथात 'वर्णसाम्यमनुप्रासः', म्हणजे वर्ण सारखे असणं हा अनुप्रास, एवढीच व्याख्या दिलीये, पण लगेच पुढे तो शब्दाची फोड करतो ती मला जास्त मोलाची वाटते, रसाला, म्हणजे कवितेतल्या भावाला, अनुसरून केलेली प्रकृष्ट (उत्तम) मांडणी म्हणजे अनुप्रास. थोडक्यात, अक्षराने रसाच्या मागून जायचं.

मोरोपंतांचं 'बालिश बहु बायकांत बडबडला' घ्या, महाभारतातल्या विराट राजाचा मुलगा, उत्तर नावाचा, बढाया मारतो तिथलं. आता आपण ते म्हणीसारखंच वापरतो. ब म्हणताना ओठ मिटतात आणि फटकन उघडतात, ते एवढ्याशा ओळीत पाच वेळा होतं, शिवाय शेवटी ड येऊन आदळतो, त्यामुळे वाचणाऱ्याचं तोंडच बडबड करायला लागतं! तेच 'पोरकट फार स्त्रियांत बोलला' करून बघा, अर्थ जवळपास तोच, पण त्या राजपुत्राचा आवाज गेला.

याउलट 'काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले'. अनुप्रास शंभर टक्के आहे, जिभेला व्यायाम म्हणून मस्त, पण काका, काकू, कपाट यांच्यात क आहे तो फक्त जुळवायला. कात्रीने कराकरा कापले इथे मात्र कात्री ऐकू येते, तेवढा तुकडा मला खरंच काव्याचा वाटतो.

यमक आणि अनुप्रास यांत गल्लत होते ती साहजिक आहे. यमकात अक्षरांचा अख्खा गट त्याच क्रमाने परत येतो आणि अर्थ बदलतो, हे शास्त्रातलं, बोलताना मात्र आपण ओळींची शेवटं जुळली की यमक म्हणतो, त्याला अंत्ययमक म्हणावं म्हणजे घोळ होत नाही. आणि शब्दही तोच, अर्थही तोच, फक्त रोख बदलला, जसं 'आई ती आईच', तर तो लाटानुप्रास. दुसऱ्या आईत सगळी माया येते ना, ती त्या 'च' च्या जोरावर.