प्रतिसाद: ‘कार्पे दिएम’मधलं क्रियापद

‘कार्पे दिएम’ या लॅटिन वचनाचा अर्थ ‘दिवस जिंकून घ्या’ असा दिला जातो. तो पटत नाही. यातलं क्रियापद ‘कार्पो, कार्पेरे, कार्प्सी, कार्प्तुम’ (ही त्याची चार मुख्य रूपं) म्हणजे खुडणे, तोडणे: फूल, फळ, पान. घोडा गवत खातो तेही ‘कार्पेरे’, सुतासाठी लोकर थोडी थोडी उपसायची तेही. सगळीकडे एकेक तुकडा वेगळा करण्याची क्रिया आहे, झडप नाही. रोमन कवी व्हर्जिलकडे ‘कार्पे विआम’ येतं, म्हणजे वाट पावलापावलानं चाल. निंदा करणे हा अर्थही यातूनच. आपण लचके तोडतो म्हणतो तसा.

हे वचन रोमन कवी होरेसचं. त्याच्या कवितेत (ओड १.११, म्हणजे पहिल्या पुस्तकातलं अकरावं गीत) त्याआधी द्राक्षारस गाळ, लांबलेली आशा छाट असं येतं. म्हणजे सगळी भाषा द्राक्षमळ्यातली, म्हणून ‘आजचा दिवस खुडून घे’ हेच नेमकं. ‘घ्या’ नको, कारण ‘कार्पे’ एकवचनी आज्ञार्थ आहे, अनेकांना ‘कार्पिते’.

नवशिके हमखास चुकतात ते ‘कार्पेत’ला. हा तिसरा गण (गण म्हणजे सारखी रूपं होणाऱ्या क्रियापदांचा वर्ग), म्हणून ‘कार्पित’ खुडतो, ‘कार्पेत’ खुडेल. दुसऱ्या गणात ‘-एत’ हे वर्तमानकाळाचं रूप, त्या सवयीनं तो वर्तमानकाळ वाटतो. उपसर्ग लागला की ‘आ’चा ‘ए’ होतो: एक्सकेर्पो, देकेर्पो. शब्दकोशात ‘एक्सकार्पो’ शोधत बसू नका.