फार्महाउस सिंक आणि आपली भांडी: अनुभव सांगा

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, १९९०च्या दशकातलं. यंदा स्वयंपाकघर पूर्ण उखडून नव्याने करतोय. कपाटं ठरली, ओट्याचा दगड ठरला, घोडं अडलंय ते सिंकपाशी. मला फार्महाउस सिंक हवंय. एकच मोठा खोल हौदा, आणि समोरची बाजू कपाटात न लपता पुढे दिसणारी. ओट्याची पट्टी मध्ये येत नसल्यामुळे सिंकच्या अगदी जवळ उभं राहता येतं. माझ्यासारख्या बुटक्या बाईला हे सुख मोठं आहे.

दुकानदार म्हणतो, ही सिंकं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. टिकली असतील, पण त्या पिढ्यांनी त्यात बिडाचा तवा आणि रस्सा करपलेलं पातेलं आपटलं नसणार. डिशवॉशर आहेच, तरी कुकर, कढई, तवा आणि परात आमच्याकडे हातानेच घासतात. म्हणून आपल्या स्वयंपाकाची सवय असलेल्यांना विचारतेय: काय घेतलंत, कसं टिकलं, पुन्हा तेच घ्याल का? भारतातल्यांनीही लिहा. सिंक वेगळं असेल, भांडी तीच आहेत.

एडिसन, न्यू जर्सी

फायरक्ले, पांढरं, ३३ इंची. दहाएक वर्षं वापरतोय, पुन्हा तेच घेईन.

आधी हळदीचं सांगते, कारण सगळ्या मैत्रिणी तेच विचारतात. फायरक्ले म्हणजे माती आणि वरचा काचेसारखा थर उंच तापमानाच्या भट्टीत एकजीव झालेले. त्यात डाग मुरायला भोकंच नसतात. रात्रभर वरणाचं पातेलं पडून राहिलं तर पिवळी कड दिसते, सकाळी साबणाने जाते. हळद धरतात त्या सिंकच्या कडेच्या सिलिकॉनच्या रेषा. तिथे रंग पांढरा निवडू नका, हलका करडा घ्या.

खरा त्रास स्टीलच्या भांड्यांचा. परातीची कड तळाशी घासली की शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या करड्या रेघा उमटतात. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं. पण तो चरा नसतो. थर धातूपेक्षा कडक असतो, त्यामुळे भांड्याचाच धातू त्यावर उतरतो. ऑक्झॅलिक अॅसिड असलेली पावडर मिळते (आम्ही बार कीपर्स फ्रेंड वापरतो), ती ओल्या फडक्यावर घेऊन चोळली की रेघ निघते. तारेची घासणी घरात येऊच देत नाही.

मापाबद्दल मात्र सावध राहा. माती भट्टीत आकसते आणि प्रत्येक नग सारखा आकसत नाही. कॅटलॉगमध्ये ३३ इंच लिहिलेलं असतं, हातात येतं ते थोडं कमी किंवा जास्त. सिंक घरात येऊन प्रत्यक्ष मोजून होईपर्यंत कपाटाला आणि दगडाला करवत लावू देऊ नका. आमचा कंत्राटदार घाई करत होता, यजमान अडून बसले. सिंक आलं तेव्हा पाव इंचाचा फरक निघाला.

सिअ‍ॅटल

खोली बघून घ्या. इथला ओटा ३६ इंच उंच, सिंक १० इंच खोल, म्हणजे तळ साधारण २५-२६ इंचांवर जातो. मी पाच फूट, मला चालतं. नवरा सहा फुटी. त्याला भांडी न घासायला आता वैद्यकीय कारण मिळालंय.

शिकागो

आमचं ओतीव लोखंडाचं, वर इनॅमल. कोहलर या सिंक-नळ बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाने १८८३मध्ये गुरांच्या पाण्याच्या हौदाला इनॅमल लावून न्हाणीचा टब म्हणून विकला होता, त्यामुळे या वस्तूचा वंश शेतावरचाच आहे. तेव्हा फार्महाउस म्हणवून घ्यायचा हक्क याचाच, असं माझं मत.

फायद्याची बाजू: उकळतं पाणी बिनधास्त ओतता येतं. भाताची पेज, बटाटे उकडलेलं पाणी, काहीही. फायरक्लेवाल्या माझ्या बहिणीला थंडीत आधी कोमट पाणी सोडावं लागतं. कडाक्याच्या थंडीत गार पडलेल्या मातीवर एकदम उकळतं ओतलं तर तडा जायची भीती असते.

तोट्याची बाजू: इनॅमलचा टवका उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि गंजतं. आमच्या घरी पितळी खलबत्त्यातला बत्ता निसटला. चिंचोक्याएवढा टवका. दुरुस्तीचं इपॉक्सी मिळतं, ते लावून वर्षभर ठीक असतं, मग पुन्हा लावायचं. कडा सगळ्यात जास्त मार खातात. पुढे दगड नसतो, पण बाजूंना तरी ओट्याचा दगड सिंकच्या कडेवर जरासा पुढे येईल असा बसवून घ्या. धक्का दगडाला बसतो, सिंक वाचतं. खाली घाण साठते खरी, पण बोट फिरवलं की निघते.

ह्यूस्टन (हेच काम करतो)

सगळे मटेरियलवर बोलताहेत. मी बसवतो म्हणून सांगतो, सिंकं फुटतात त्यात खालच्या आधाराचा वाटा मोठा असतो.

हिशोब करा. ३३ इंची फायरक्ले ५०-६० किलो. तुडुंब भरलं तर त्यात ७०-७५ लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. त्यात तुमचा कुकर आणि तवा. हा सव्वाशे-दीडशे किलोचा भार सिलिकॉनवर आणि कपाटाच्या पातळ पाखांवर टाकायचा नसतो. कपाटाच्या आत दोन्ही बाजूंना आणि मागे लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकायची, वर जाड प्लायवुड, त्यावर सिंक लेव्हलमध्ये. दगडाचा कारागीर येण्याआधी हे झालेलं असलं पाहिजे. कंत्राटदाराला स्पष्ट विचारा, ‘सिंक कशावर बसणार?’ तो ‘गोंद लावू’ म्हणाला तर दुसरा बघा.

दुसरी गोष्ट भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपची. जुनं सिंक ७-८ इंच खोल असतं. नवीन १० इंची आलं आणि खाली खरकटं दळायचं डिस्पोजर लावलं की त्याचं तोंड भिंतीतल्या पाइपपेक्षा खाली जातं. पाणी वर चढणार नाही. मग भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागतो. हे फरशी आणि कपाटं लागल्यावर लक्षात येणं म्हणजे दुप्पट खर्च. आधी टेप लावा.

फायरक्लेचा तळ जाड असतो, डिस्पोजरला लांब गळ्याची फ्लँज (सिंकच्या भोकात बसणारी, डिस्पोजर धरणारी कडी) लागते. नेहमीची फ्लँज कशीबशी आवळली तर भोकाभोवती तडे जातात. आणि डिस्पोजरमध्ये कढीपत्त्याच्या काड्या टाकू नका, हे मी मोफत सांगतो.

लंडन

इथे याला बेल्फास्ट सिंक म्हणतात. आमच्या भाड्याच्या घरात जुनं आहे, कडेशी ओव्हरफ्लोची (जादा पाणी वाहून जायची) खाच असलेलं. बटलर म्हणून दुसरा प्रकार असतो, त्यात ती खाच नसायची. लंडनमध्ये पाणी जपून वापरायचे, बेल्फास्टमध्ये मुबलक होतं, म्हणून हा फरक पडला असं सांगतात.

सिंकला काही झालेलं नाही. शेजारच्या लाकडी ओट्याची मात्र वाट लागली. सिंकच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काळं पडून फुगलंय. ओट्याच्या खालच्या बाजूने पाणी आत ओघळू नये म्हणून कडेला बारीक खाच पाडतात, ती आमच्या घरमालकाने पाडलेली नाही. तुम्ही दगडच घेताय, बरं आहे. फुटकी बेल्फास्ट सिंकं इथे बागेत झाडं लावायला वापरतात. आमच्या शेजाऱ्यांच्यात पुदिना रानासारखा माजलाय.

पुणे

फार्महाउस नाही, पण टिकाऊपणाचं विचारलंत म्हणून. फ्लॅटचं काम काढलं तेव्हा काळं क्वार्ट्झचं घेतलं. दगडाची पूड आणि अॅक्रिलिक रेझिन यांचं असतं. चरे नाहीत, आवाज नाही, गरम कढई ठेवली तरी काही झालं नाही. पण आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. काळ्या रंगावर क्षारांचा पांढरा थर असा बसतो की सिंक भस्म लावून बसलंय वाटतं. आठवड्याला व्हिनेगर. पाणी जड असेल तर काळा रंग घेऊ नका, एवढंच.

जाऊबाईंनी स्टीलचं घेतलं. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’, म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टील. पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. २०२मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ते लवकर डागाळतं. उलट अस्सल ३०४ कोपऱ्यांत, जिथे पत्रा ओढून वाकवलेला असतो, तिथे किंचित चिकटू शकतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. १६ गेज हे १८ पेक्षा जाड, आकडा लहान तितका पत्रा जाड.

आणि टाइल लावून झाल्यावर फरशीवाला अॅसिड मारतो ना, त्या वेळी नवं सिंक घरात नको. नुसत्या वाफेने स्टीलवर तपकिरी डाग येतात.

रत्नागिरी

समुद्र जवळ असला की ३०४लाही तपकिरी ठिपके येतात. खारी हवा. रात्री पुसून कोरडं ठेवायचं, ओला बिडाचा तवा आत ठेवून झोपायचं नाही. तारेच्या घासणीचे तुकडे राहिले तर तेच गंजतात आणि दोष सिंकवर येतो. आमच्या आजीच्या मोरीत कडप्पा होता, त्याला चिंच-लिंबाने पांढरे डाग पडायचे. तेव्हा डागाशिवाय काही नसतंच.

सॅन होजे

स्टीलचंच, पण फार्महाउस आकाराचं, १६ गेज. पांढऱ्याचं रूप त्याला नाही हे मान्य. पण पडलेली काचेची वाटी त्यात अनेकदा वाचते, फायरक्लेमध्ये वाटी जाणारच. पृष्ठभागावर बारीक चरे पडतात, सहा महिन्यांत ते एकमेकांत मिसळतात आणि नजर सरावते. तळाला खालून रबरी पॅड आहेत का ते बघा, नाहीतर नळ सोडला की पत्र्यावर पाऊस. कोपरे अगदी काटकोनी नकोत, तिथे भाताची शितं अडकतात आणि घासणी पोहोचत नाही.

धागाकर्ती, नॉर्थ कॅरोलायना

सगळ्यांचे आभार. पाइपचं सांगितलंत ते बरं झालं. काल टेप लावली, डिस्पोजरसकट १० इंची चालणार नाही. ९ इंची चालेल किंवा डिस्पोजर जाईल. डिस्पोजर जाईल असं दिसतंय. फायरक्लेकडेच कल आहे. ह्यूस्टनकर, एक शंका: कपाट ३६ऐवजी ३३ इंची ठेवलं तर ड्रॉवरला जागा मिळते. मग सिंक कितीचं?

ह्यूस्टन

३० इंची. साधारण तीन इंच कमी धरायचं. आतली रुंदी २७च्या आसपास राहील, पुढून मागे त्याहून बरीच कमी. ऑर्डर देण्याआधी घरातली कणीक मळायची परात घेऊन दुकानात जा आणि सिंकात आडवी ठेवून बघा. लोक बघतील, बघू देत.