शब्दचर्चा: निर्वासित की शरणार्थी? आणि निवारा म्हणजे आश्रय का?

प्रश्न: एका माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर करताना 'रेफ्युजी' आणि 'असायलम' या दोन शब्दांपाशी अडलो आहे. पहिल्यासाठी 'निर्वासित' घ्यावा की 'शरणार्थी'? दुसऱ्यासाठी 'आश्रय' पुरेसा आहे का? आणि ज्याच्या अर्जावर अजून निर्णयच झालेला नाही, त्याला काय म्हणावे?

उत्तर: 'निर्वासित' घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'वस्' म्हणजे राहणे, आणि या धातूच्या प्रयोजक रूपापासून हा शब्द झाला आहे. त्यामुळे आपण होऊन घर सोडलेला माणूस त्यात बसत नाही. ज्याला कोणीतरी घालवून दिले तोच निर्वासित. संस्कृतात हा अर्थ पक्का आहे. 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात रानात सोडलेली सीता लक्ष्मणाबरोबर रामाला निरोप धाडते, तेव्हा ती स्वतःसाठी 'निर्वासिता' हाच शब्द वापरते आणि म्हणते की वर्णाश्रमांचे पालन हा राजाचा धर्म आहे, तेव्हा घालवून दिलेली असले तरी इतर तपस्व्यांप्रमाणे माझ्याकडेही लक्ष असू द्यावे. ती पत्नीचा हक्क सांगत नाही आणि दयाही मागत नाही. राज्याच्या कर्तव्यावर बोट ठेवते. आजच्या निर्वासितांच्या कायद्याचा गाभाही हाच आहे, म्हणून हा संदर्भ मला फार मोलाचा वाटतो.

'शरणार्थी' हा शब्द चुकीचा नाही. हिंदीत तो रुळलेला आहे आणि तिथे तो खटकत नाही. मराठीत मात्र 'शरण' या शब्दाला हार मानण्याची छटा फार गडद आहे. चोर पोलिसांना शरण येतो, किल्लेदार शत्रूला शरण जातो. संतांच्या अभंगांत याच शब्दाला वेगळी उंची मिळाली आहे, कारण तिथे शरण जाणारा आपखुशीने जातो. १९७१ साल आठवून पाहावे. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, त्यांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे आणि त्यावर देवनागरीत 'शरणार्थी सहायता' असे छापलेले होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ज्यांच्यावर अत्याचार झाले ते शरणार्थी आणि ज्यांनी अत्याचार केले ते शरणागत, अशी 'शरण' या एकाच शब्दाची दोन रूपे अगदी समोरासमोर उभी राहिली. फाळणीनंतर आलेल्या अनेकांना हा शब्द बोचत असे, आणि पंजाबी व सिंधी समाजात त्याऐवजी 'पुरुषार्थी' म्हणण्याचा आग्रह धरला गेला, तो याचसाठी.

'आश्रित' हा शब्द तर माहितीपत्रकात कुठेही येऊ देऊ नये. आश्रित म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा, त्याच्या मर्जीने घरात राहणारा. एखाद्या माणसाला कायद्याने मिळालेल्या हक्काचे वर्णन आपण अशा शब्दाने केले, तर वाचणाऱ्याच्या मनात तो हक्क उपकार होऊन बसतो.

'परागंदा' हा फारसीतून आलेला सुंदर शब्द आपण जवळजवळ विसरलो आहोत. त्याचा मूळ अर्थ 'विखुरलेला'. बातमीत किंवा लेखात तो जरूर वापरावा, मात्र कायदेशीर संज्ञा म्हणून तो चालणार नाही. 'स्थलांतरित' मध्ये सक्ती येत नाही. 'विस्थापित' मध्ये सक्ती आहे, पण सीमा ओलांडलेली नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना विस्थापित म्हणता येते, निर्वासित म्हणता येत नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेला आणि आपल्या देशाबाहेर असलेला माणूस निर्वासित ठरतो. फाळणीत आलेल्यांना आपल्या १९५० आणि १९५४ च्या केंद्रीय कायद्यांनी 'विस्थापित व्यक्ती' म्हटले, तर मराठी समाजाने सरसकट 'निर्वासित' म्हटले. कायद्याच्या भाषेलाही कारण होते, कारण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली होती.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. 'असायलम'साठी अनेक भाषांतरांत 'निवारा' असे लिहिलेले मी पाहतो आणि ते मला फार खटकते. ऊन, पाऊस, थंडी यांचे निवारण करतो तो निवारा. अन्न, वस्त्र, निवारा यांतला तो तिसरा शब्द. त्यात छप्पर आहे, भिंती आहेत. आश्रयात याहून पुष्कळ अधिक आहे: इथे राहण्याची परवानगी, हातात कागद, कामाची मुभा आणि जिथून जीव मुठीत घेऊन पळून आलो तिथे माघारी धाडले जाणार नाही याची हमी. वर सांगितलेल्या करारात प्राथमिक शिक्षण आणि सरकारी साहाय्य या दोन गोष्टी निर्वासितांना देशाच्या नागरिकांप्रमाणेच मिळाव्यात असे म्हटले आहे, आणि काम, घर, प्रवासाची कागदपत्रे यांवर स्वतंत्र कलमे आहेत. हे सारे 'निवारा' या शब्दात मावत नाही.

हा फरक कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे जितका स्वच्छ दिसतो तितका मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून सायबेरियाकडे नेलेली आणि पुढे इराणमार्गे बाहेर पडलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत मुख्यत्वे बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या बरॅकींत राहिली. त्यांची शाळा होती, चर्च होते. निवारा चांगला होता आणि कोल्हापूरकरांनी त्यांना आपुलकीने वागवले, पण ही माणसे इथे कायमची राहतील असे कोणी धरून चालले नव्हते, आणि युद्ध संपल्यावर ती देशोदेशी गेली. त्यानंतर त्याच जागेत सिंधी कुटुंबे आली. छप्पर तेच होते. मात्र या माणसांना नागरिकत्व होते, धंदा करण्याची मोकळीक होती, आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले, जिथे आज आसपासच्या जिल्ह्यांतले व्यापारी घाऊक कापड घ्यायला येतात. एकाच बरॅकीत आधी निवारा होता आणि नंतर त्याला हक्कांची जोड मिळाली.

उलट उदाहरणेही आपल्या जवळच आहेत. भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्या कायद्यात निर्वासितांची वेगळी व्याख्याही नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांत रस्त्याच्या कडेला ओळीने स्वेटरची दुकाने मांडणाऱ्या तिबेटी बायका आपल्याला वर्षानुवर्षे परिचयाच्या आहेत. त्यांना घर आहे, शाळा आहेत, पण नोंदणी प्रमाणपत्र परदेशी नागरिकाचे आहे आणि ते मुदतीनंतर पुन्हा करून घ्यावे लागते. श्रीलंकेतले तमिळ १९८३ पासून तमिळनाडूच्या छावण्यांत आहेत. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने या छावण्यांचे नाव बदलून 'पुनर्वसन छावण्या' असे केले. नाव बदलल्याने नागरिकत्व मिळत नाही हे खरे, पण ज्यांचा जन्मच तिथे झाला त्यांना निर्वासित म्हणणे कधी थांबवायचे, हा प्रश्न एका सरकारने विचारात घेतला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. निर्णय व्हायचा असलेल्याला 'आश्रय-अर्जदार' म्हणावे. 'आश्रयेच्छुक' हा शब्द सुचवला जातो, पण इच्छुक हा विवाहाच्या जाहिरातीतला आणि निवडणुकीच्या तिकिटाचा शब्द आहे. जीव वाचवायला निघालेल्या माणसाला तो लावणे बरे दिसत नाही. याच विचाराने 'परतपाठवणी' हा शब्दही टाळावा, असे सुचवतो. मराठी मनात पाठवणी लेकीची होते. 'धोक्याच्या ठिकाणी सक्तीने माघारी धाडणे' असे लांब पण स्वच्छ लिहावे. 'हद्दपारी' आपल्याकडे गुन्हेगारांच्या संदर्भात रुळली आहे, म्हणून तीही इथे नको.

पुरवणी: चंद्रपूरच्या एका वाचकाने 'छावणी' शब्दाविषयी विचारले आहे, आणि तो मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. छावणी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी लष्कर येते, आणि दुष्काळी भागात राहिलेल्याला चारा छावणी आठवते, म्हणजे दावणीला बांधलेली गुरे. दोन्हींत मुक्काम तात्पुरता असतो. निर्वासितांच्या वाट्याला मात्र तो मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा येतो. म्हणून लोकांनी स्वतः 'कॅम्प' हा शब्द उचलला आणि त्याचे गावाचे नाव करून टाकले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांमुळे चंद्रपुरात 'बंगाली कॅम्प' आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळावर वसलेल्या कल्याण कॅम्पचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, तरी तिथला माणूस आजही 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतो, आणि पाकिटावर घराच्या क्रमांकाआधी 'बरॅक नंबर' लिहिलेला सापडतो. आपल्या माहितीपत्रकात पहिल्या काही महिन्यांच्या जागेला 'छावणी' म्हणावे. जिथे मुले शाळेत जाऊ लागली आहेत आणि दारात तुळस किंवा मिरचीचे रोप लागले आहे, त्या जागेला 'वसाहत' म्हणावे.