मदत हवी आहे: नवीन ट्रॅव्हल ट्रेलर ताब्यात घेण्याआधी काय काय तपासायचं? (ओहायो)

ओहायोकर:
मंडळी, इतकी वर्षं तंबूत काढली पण आता मे मध्ये आईबाबा सांगलीहून येतायत, त्यांना काही जमिनीवर झोपवता येणार नाही, म्हणून शेवटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बुक केला. नवा कोरा, २६ फुटी, मागे मुलांना बंक बेड, एक स्लाइड-आउट (थांबल्यावर बाहेर सरकवून जागा वाढवायचा भाग). ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक आहे. पुढच्या शनिवारी डिलिव्हरी. डीलर म्हणतो तासाभरात सगळं फिरवून दाखवतो, सह्या करा आणि घेऊन जा. नेटवर बघावं तर जो तो सांगतोय पीडीआयला (ताबा घेण्याआधीच्या तपासणीला) अर्धा दिवस तरी हवाच. बायकोचं म्हणणं, नव्या गाडीला कोण एवढं बघतं, मागची कार घेतली तेव्हा किल्ली घेतली आणि निघालो की.

खरी गोची पुढेच आहे. ट्रेलर विंटराइज केलेला आहे म्हणजे थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत पाण्याऐवजी ते गुलाबी अँटीफ्रीझ आहे, आणि रात्री इथे अजून पाणी गोठतंय, त्यामुळे डीलर म्हणतो पाणी सोडून दाखवता येणार नाही, उन्हाळ्यात काही निघालं तर वॉरंटीत करून देऊ. हे मान्य करावं का? आणि बाकी नेमकं काय बघू? विजेचं थोडंफार कळतं, गॅस आणि प्लंबिंगमध्ये शून्य.

रानवारा:
अजिबात मान्य करू नका. पूर्ण पैसे देईपर्यंत तुमचा शब्द चालतो, सही झाली की तुम्ही सर्व्हिसच्या रांगेत, आणि मे-जूनमध्ये ती रांग कुठवर असते ते विचारू नका. वॉरंटीत काम होतं हो, पण ट्रेलर त्यांच्या आवारात पडून आणि तुमचे आईबाबा घरी बसून. शिवाय बऱ्याच राज्यांत लेमन लॉ (सदोष नवी गाडी बदलून किंवा पैसे परत मिळण्याचा कायदा) ओढायच्या ट्रेलरला लागूच होत नाही.

थंडीचं कारण अर्धंच खरं आहे. बहुतेक डीलरांकडे हीटिंगवालं सर्व्हिस बे (दुरुस्तीची बंदिस्त जागा) असतं, आत घेऊन पाणी चालवा म्हणायचं, नंतर परत विंटराइज करून द्या. तेही नाही म्हणाले तर पंपाने अँटीफ्रीझच लाइनमध्ये खेळवायला सांगा, गुलाबी असल्यामुळे जॉइंटवर टिपूस आला तरी लगेच दिसतो. पंप चालू करून एकेक नळ उघडायचा, हवा गेली की बंद करायचा. सगळे बंद झाल्यावर पंप गप्प बसला पाहिजे. कोणी नळाला हात न लावता दहा मिनिटांनी परत गुरगुरला तर कुठेतरी गळतंय समजा. सिंकखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि ड्रेनच्या प्लास्टिक नटांखाली कोरडा टिश्यू फिरवा, ते नट कारखान्यात हातानेच आवळलेले असतात आणि इंडियानाहून (बहुतेक ट्रेलर तिथेच बनतात) येईपर्यंत रस्त्यात ढिले होतात. आणि एक, वॉटर हीटरची टाकी भरल्याशिवाय त्याचं विजेचं बटण कोणालाही दाबू देऊ नका, कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर आदल्या दिवशीच चालू करून ठेवायला सांगा, त्याला थंड व्हायला कित्येक तास लागतात. तुम्ही गेल्यावर लावला तर नुसता दिवा लागलेला बघून परत याल.

निशिगंधा_मिशिगन:
वरच्या सगळ्याला +१, पण मी आधी छतावर चढेन. शिडी त्यांच्याकडून मागून घ्या. व्हेंट, स्कायलाइट, अँटेना, जिथे जिथे भोक पाडलंय तिथलं सीलंट सलग आहे का, मध्ये फट किंवा बुडबुडा नाही ना ते बघा. मग आत येऊन कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत, स्लाइडच्या कडेची जमीन हाताने दाबत जा, मऊ लागली तर तो ट्रेलर नको. स्लाइड दोनतीनदा आतबाहेर करा, रबर दुमडतंय का बघा.

टायरवर डीओटी नंबर असतो, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. स्पेअरचाही बघा.

ओहायोकर, तुमच्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर पिवळा पेलोडचा (ट्रक स्वतःवर किती वजन घेऊ शकतो त्याचा) स्टिकर आहे, त्यावर आकडा काय? हिचवर, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडतो तिथे, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार येतो, म्हणजे ७,००० पाउंडचा ट्रेलर असेल तर ७०० ते १,०५० पाउंड तिथेच गेले, त्यात तुम्ही सहाजण आणि सामान. विकणारा फक्त ओढायची ताकद सांगतो, हे सांगत नाही.

कट्ट्यावरचा_पुणेकर:
एवढे डॉलर मोजायचे आणि वर आपणच टॉर्च घेऊन झोपायचं सिंकखाली! आमच्याकडे फ्लॅटचा ताबा घेताना असंच असतं म्हणा.

ओहायोकर:
@निशिगंधा, स्टिकरवर १,६४० आहे. हिशेब केला तर काठावरच येतंय, आईबाबा आणि मुलं दुसऱ्या गाडीतून येतील बहुतेक.
डीलरशी बोललो, आधी कुरकुर केली पण पाणी बघितल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही म्हटल्यावर गुरुवारी बे देतो म्हणाला. पैसे देऊन इन्स्पेक्टर लावावा का?

रानवारा:
गॅसचं कळत नाही म्हणताय तर लावाच. एनआरव्हीआयएचं (अशा ट्रेलर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांच्या अमेरिकन संघटनेचं) सर्टिफिकेट असलेला बघा, आणि डीलरने सुचवलेला नको. जे निघेल ते "करून देऊ" असं तोंडी नको, मॅनेजरच्या सहीने लेखी, तारखेसकट. एक्सटेंडेड वॉरंटी गळ्यात मारायला बघतील, त्या दिवशी काहीच ठरवू नका.
हिच जोडल्यावर ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून बघा, ट्रेलरचे ब्रेक लागले पाहिजेत. आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) बरोबर ठेवा, पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट परत तपासायचे.